आटपाडीचं पाकीट

"उपाध्ये, आज तुमच्या मेहुण्यांचं पाकीट रडत आलंय," असं म्हणत लेलेबाईंनी ते दोन बोटांत धरून माझ्या टेबलावर ठेवलं.

बुधवार होता. सोळा जुलै १९८६. दुपारचे पावणेतीन. त्या काळी तालुक्याचे वार्ताहर आपली बातमी पाकिटात घालून एसटीच्या कंडक्टरकडे देत आणि सांगली स्टँडवर आमचा शिपाई ती गोळा करून आणी. जतचं, विट्याचं, कवठ्याचं, आटपाडीचं. तालुक्याचं पान पाचला बंद व्हायचं. दीड-दोन तासांत सगळं वाचून, कापून, मथळे देऊन खाली खिळे जुळवणाऱ्यांकडे सोडायचं, हे माझं काम. पाकीट वरून फाडायचं, आतले कागद काढायचे आणि पाकीट टेबलाखालच्या टोपलीत. अकरा वर्षं माझा हात आपोआप हे करत होता.

आटपाडीचं पाकीट फाडावं लागलं नाही. कंडक्टरनं ते कुणाच्या तरी दह्याच्या मडक्याला टेकवून आणलं असावं. एक कड भिजली होती, खळ सुटली होती. उचललं तसं ते केळीच्या पानासारखं उलगडलं. आत बातमीचे दोन कागद होते, शेळ्यामेंढ्यांच्या बाजाराचे आणि पाणीपुरवठ्याच्या मोर्चाचे. आणि उलगडलेल्या पाकिटाच्या आतल्या अंगावर, मधोमध, पेन्सिलीनं दोन ओळी होत्या.

'अण्णा, मला न्यायला ये. सांगून येऊ नको. इंदू.'

इंदू माझी धाकटी बहीण. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. आई-वडील गेल्यावर माझ्याच घरी वाढली, शिकली. तीन वर्षांपूर्वी मीच तिचं लग्न जयकुमारशी लावून दिलं होतं. जयकुमार आटपाडीच्या एका हायस्कुलात शिक्षक होता आणि आमचा तिथला वार्ताहर.

मी तो माणूस त्याच्या बातम्यांवरून निवडला, हे इथंच सांगून टाकतो. चार वर्षं मी त्याची कॉपी वाचत होतो. नाव चुकलेलं नाही, आकडा चुकलेला नाही. कुणावर आरोप असेल तर खाली त्या माणसाचं म्हणणं दिलेलं. इतर वार्ताहर 'प्रचंड जनसमुदाय' लिहायचे, जयकुमार 'सुमारे चारशे' लिहायचा. अशा माणसाच्या घरात माझी बहीण सुखात राहील, असं मला वाटलं. मी पत्रिका पाहिली नाही. कॉपी पाहिली.

लग्नानंतर त्याच्या बातम्या इंदूच्या अक्षरात यायला लागल्या. तो सांगायचा, ती लिहून काढायची. तिचं अक्षर टपोरं, सुटं. खालचे जुळारी म्हणायचे, आटपाडीची कॉपी आली की डोळ्यांना विश्रांती. पाकिटंही तीच करायची. शाळेच्या जुन्या तक्त्यांचे कागद कापून, गव्हाच्या पिठाची खळ लावून.

"काय लिहिलंय?" लेलेबाईंनी विचारलं. त्या आमच्या मुद्रितशोधक. पन्नाशी उलटलेल्या, विधवा, चष्मा नेहमी कपाळावर. दुसऱ्याचा कागद विचारल्याशिवाय वाचत नसत, पण लांबूनच त्यांना अक्षरं दिसत.

मी पाकीट त्यांच्याकडे सरकवलं. त्यांनी चष्मा खाली घेतला आणि प्रूफ वाचतात तसं वाचलं. दोनदा. मग कागद उलटा करून त्यावरून बोट फिरवलं.

"'ये'वर बघा. पेन्सिल पार टोचलीय. मागून उठलंय."

"घाईत लिहिलं असेल."

"घाईत लिहिणाऱ्याचं हलकं उठतं हो. आणि एक सांगा, बहिणीनं साधं पोस्टकार्ड का टाकलं नाही?"

मी बाजाराच्या बातमीचा कागद पुढं ओढला.

"पोस्टकार्ड वाचणारा कुणीतरी घरात आहे, म्हणून," त्याच म्हणाल्या. "उद्या सकाळच्या गाडीनं जा. घरी जा, तिला घ्या, या."

"असं कसं, बाई? आधी काय झालंय ते कळायला नको? जयकुमारचं काय म्हणणं आहे..."

"तुम्ही हे छापणार आहात का?"

"छापायचा काय संबंध?"

"मग दुसरी बाजू कशाला हवीय?"

तेवढ्यात मिरजेचा फोन आला. फोन संपेपर्यंत त्या आपल्या टेबलाशी जाऊन बसल्या होत्या.

त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं. कामाला लागल्याच्या पहिल्या वर्षी मी एका ग्रामसेवकाबद्दल बातमी दिली होती. गावातल्या तिघांनी सांगितलं, मी लिहिलं. त्याला विचारलं नाही. माणूस निर्दोष निघाला. निलंबनात पाच महिने घरी बसला. त्याची आई एक दिवस ऑफिसात आली आणि कुणाशी काही न बोलता संध्याकाळपर्यंत आमच्या पायरीवर बसून राहिली. आमचे वृत्तसंपादक तिच्याकडे बोट दाखवून मला म्हणाले, "दुसरी बाजू म्हणजे ही, उपाध्ये. ती आधी घ्यायची असते." त्या दिवसापासून मी एकतर्फी ओळ सोडली नाही. एकही नाही. माझी तेवढीच ख्याती होती.

आणि जयकुमारला मी ओळखत होतो. नवराबायकोत काही झालं असेल, इंदू लाडात वाढलेली, एखादा शब्द लागला असेल. दोन ओळींवरून उठून एखाद्याच्या घरातून त्याची बायको उचलून आणायची, आणि उद्या काही नव्हतंच असं निघालं तर? आटपाडी लहान गाव. शिक्षकाची बायको भाऊ येऊन घेऊन गेला, ही बातमी मोर्चाच्या बातमीपेक्षा लवकर पसरली असती.

मी ते पाकीट घडी करून खिशात ठेवलं. बाजाराच्या बातमीला मथळा दिला. मोर्चाची दोन वाक्यं कापली. पान पाचला बंद झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघालो. सांगून येऊ नको असं तिनं लिहिलं होतं. मी सांगून गेलो नाही. तेवढं पाळलं.

भिवघाट ओलांडला की हवा बदलते. सांगलीत चिकचिक आणि इकडे जुलैतही माळ तांबडा, कोरडा. बाभळी, मेंढरांचे कळप, मधूनच एखादी डाळिंबाची हिरवी पट्टी. साडेबाराला आटपाडीत उतरलो. स्टँडवरून डावीकडे गेलं की त्यांचं घर, सात-आठ मिनिटांवर. उजवीकडे शाळा, तीन मिनिटांवर.

मी उजवीकडे वळलो. पाय चुकून वळले नाहीत. भिवघाटापासून मी तेच ठरवत आलो होतो. आधी त्याला भेटायचं, मग तिला. दोघांची जबानी एकमेकांच्या कानावर जाण्याआधी घ्यायची, ही आमची पद्धत.

मधली सुट्टी होती. शिक्षकांच्या खोलीत जयकुमार एकटाच वह्या तपासत बसला होता. मला पाहून तो उठला, खुर्ची पुढं केली.

"अण्णा! आणि न कळवता? सगळं बरं आहे ना?"

"बरं आहे. तुमच्याशीच जरा बोलायचं होतं, जयकुमारराव."

"चहा सांगतो."

"राहू दे."

मी खिशातून पाकीट काढून टेबलावर उलगडलं. त्यानं वाचलं. त्याच्या चेहऱ्याकडे मी लक्ष ठेवून होतो. माणूस पहिल्या क्षणी काय करतो ते बघायचं, हेही मला शिकवलेलं होतं. त्यानं काहीच केलं नाही. फक्त टेबलावरच्या शाईच्या बाटलीला कागद लागत होता, तो जरा अलीकडे ओढला.

"अक्षर तिचंच आहे," तो म्हणाला.

"म्हणून विचारायला आलो. तिनं असं का लिहावं?"

"तुम्ही माझ्याकडे आलात हे बरं केलंत, अण्णा. दुसरा कुणी असता तर सरळ घरी जाऊन तमाशा केला असता." त्यानं दार लोटून घेतलं. "तिला दिवस गेले होते. तिसरा महिना. राहिलं नाही. मंगळवार, सहा मे. विट्याच्या दवाखान्यात सहा दिवस होती. सोमवारी सोडलं. तुम्हाला कळवू नका म्हणाली, अण्णाला वाईट वाटेल म्हणाली. तेव्हापासून हे असं आहे. मधेच रडते. मधेच गप्प बसते. एकदा शेजारच्या बाईंना म्हणाली, मला इथं कोंडून ठेवलंय. दार सताड उघडं होतं तेव्हा." त्यानं खिशातल्या पैशांच्या पाकिटातून चिठ्ठी काढली. "ही डॉक्टरांची. झोपेच्या गोळ्या दिल्यात. विश्रांती लिहिलीय."

मी चिठ्ठी वाचली. तारीख, सही, शिक्का. सगळं जिथल्या तिथं होतं.

खोटं बोलणारा माणूस तारखा देत नाही, असं मी मानत होतो. खोटं बोलणारा 'मागं एकदा', 'काही दिवसांपूर्वी' असं बोलतो. यानं वार दिला, गाव दिलं, महिना दिला, कागद दाखवला. मी न विचारलेल्या प्रश्नांचीही उत्तरं दिली. इतकी व्यवस्थित दुसरी बाजू मला फार थोड्या लोकांनी दिली असेल.

"घरी चला," तो म्हणाला. "तिला तुमच्यासमोर विचारू. पुढचे दोन तास कुणालातरी घ्यायला सांगतो."

निघताना ते पाकीट टेबलावरून त्यानं उचललं, माझ्याच घडीवर घडी घातली आणि स्वतःच्या सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवलं. मी पाहिलं. मागितलं नाही. मागण्यासारखं काही आहे, असं तेव्हा वाटलं नाही.

इंदू दारातच तांदूळ निवडत बसली होती. आम्ही कोपऱ्यावरून वळलो तेव्हा तिनं आधी मला पाहिलं. ती उठली. सूप हातातच होतं. मग तिनं माझ्या शेजारी जयकुमारला पाहिलं, आणि मग त्याचा खिसा. कागद पिवळट होता, कड बाहेर आली होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि पदराला हात पुसले. हात ओले नव्हते.

"ये अण्णा," ती म्हणाली. "वहिनी बरी आहे?"

"बरी आहे. तू वाळलीस."

"उन्हाळा फार होता यंदा."

आम्ही आत बसलो. दोन खोल्या, स्वच्छ. भिंतीवर महावीरांची तसबीर, कोनाड्यात आमच्या दैनिकाचे अंक तारखेवार लावलेले. तिनं पाणी दिलं. जयकुमार चटईवर माझ्या शेजारी बसला. ती स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"इंदू," मी म्हणालो, "काल पाकिटात तुझ्या अक्षरात दोन ओळी होत्या. तू लिहिल्यास?"

"हो."

"का?"

तिनं जयकुमारकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मी तिच्या डोळ्यांत भीती आहे का ते शोधत होतो. भीती नव्हती. मला ते बरं वाटलं. तिथं काय होतं ते मी वाचू शकलो नाही.

"आठवण आली होती घरची," ती म्हणाली.

"मग सांगून येऊ नको असं का लिहिलंस?"

"असंच. गंमत."

"बोल ना," जयकुमार अगदी मऊ आवाजात म्हणाला. "अण्णा एवढे गाडी धरून आलेत. मनात असेल ते बोल. मी बाहेर जाऊ का?"

"नको," इंदू म्हणाली. "कशाला जाता. बसा."

"मी मारतो का तुला? सांग त्यांना."

"नाही."

"उपाशी ठेवतो?"

"नाही हो."

प्रश्नोत्तरं माझ्या कानांना ओळखीची वाटली. पत्रकार परिषदेत एखादा पुढारी आपल्याच माणसाला प्रश्न विचारायला लावतो, तशी. हे मला आज वाटतं. तेव्हा वाटलं, चला, सगळं उघड उघड झालं.

"चार दिवस चल माझ्याबरोबर," मी म्हणालो. "हवापालट होईल."

"जा की," जयकुमार म्हणाला. "मी कुठं अडवतोय? आता साडेचारची गाडी आहे. कपडे भर."

इंदू चौकटीपासून सुटी झाली. एक पाऊल पुढं आली.

"चार दिवस?" तिनं मला विचारलं.

"चार. हवं तर आठ."

"आणि मग?"

"मग काय, जयकुमारराव येतील न्यायला. नाहीतर मी आणून सोडीन."

ती पुन्हा चौकटीला टेकली.

"मग नको," ती म्हणाली. "ह्यांच्या जेवणाचे हाल होतात."

हे शब्द मी ऐकले. अकरा वर्षं लोकांचे शब्द जसेच्या तसे टिपायची सवय असलेल्या माणसानं 'मग नको'मधला 'मग' ऐकला, आणि सोडून दिला.

तिनं ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, शेंगांची चटणी वाढली. चातुर्मास लागायला एक-दोन दिवस होते, त्यावरून बोलणं निघालं. जयकुमार म्हणाला, इंदूला यंदा उपास झेपायचे नाहीत, डॉक्टर नको म्हणालेत. ती हसली. मीही हसलो. जेवण झाल्यावर तिनं मला लिंबाचं लोणचं बांधून दिलं, बरणीच्या तोंडाला फडकं, फडक्याला दोरा. दोऱ्याची गाठ मारताना तिचे हात स्थिर होते. उजवा हात मी तेव्हा नीट पाहिला असावा, कारण तो मला अजून दिसतो. नखांना पिठाची खळ वाळून चिकटली होती.

"येतो," मी म्हणालो.

"नीट जा, अण्णा."

जयकुमार स्टँडपर्यंत पोचवायला आला. गाडी लागली होती. त्यानं खिशातून एक नवं पाकीट काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"आजचं. कंडक्टरला कशाला, तुम्हीच चाललाय तर."

मी ते घेतलं. गाडीत बसल्यावर कडेनं हळूच उलगडून बघितलं. फाडलं नाही, खळ अंगठ्यानं सोडवली. आतलं अंग कोरं होतं. मला हायसं वाटलं. तो कोरेपणा मी पुरावा म्हणून धरला.

शुक्रवारी ऑफिसात लेलेबाईंनी माझ्या मागं कुणी आहे का ते बघितलं आणि विचारलं, "आणली?"

मी त्यांना सगळं सांगितलं. सहा मे, विट्याचा दवाखाना, चिठ्ठी, 'मग नको'. त्यांनी मधे एकदाच तोंड उघडलं.

"ते पाकीट कुठाय?"

"त्याच्याकडे राहिलं."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि आपलं प्रूफ ओढून घेतलं.

सोमवारी आटपाडीचं पाकीट आलं ते दुकानातलं होतं. खाकी, तयार, डिंकाच्या पट्टीचं. आत बातमी जयकुमारच्या हातची. बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर. मंगळवारी तेच, बुधवारीही. खालून एक जुळारी वर आला, "साहेब, बाईंचं अक्षर का बंद झालं? ह्यात आकडे लागत नाहीत."

"बाईंना विश्रांती सांगितलीय," मी म्हणालो.

चार ऑगस्टला, पुन्हा सोमवारी, खाकी पाकिटात दोन बातम्या होत्या आणि तिसरी चिठ्ठी. 'ती. अण्णा, इंदूचा उजवा हात काल दारात सापडला. वाऱ्यानं दार आपटले. विट्यास दाखवले आहे. काळजी नसावी.' खाली तारीख, वेळ.

त्या दिवशी मी पान सोडून उठलो. आयुष्यात पहिल्यांदा. लेलेबाई म्हणाल्या, "जा. मथळे मी देते." तेवढंच.

दवाखान्यात इंदू एकटीच होती. हात कोपरापासून गुंडाळलेला. डॉक्टर तरुण होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "तीन बोटं. अंगठ्याशेजारची. पेरांचा चुरा आहे. एकदा दार आपटून असं होत नाही." मी म्हणालो, "हे लिहून द्याल?" तो म्हणाला, "मी तिथं नव्हतो, उपाध्येसाहेब. पेशंट दार म्हणते. दोन्ही बाजू बघाव्या लागतात आम्हाला."

मी इंदूच्या पिशवीत तिचं लुगडं, तांब्या, गोळ्या भरल्या. कुणाला विचारलं नाही, निरोप ठेवला नाही. गाडीत ती खिडकीशी बसली. तासगावला मी म्हणालो, "आपण तक्रार देऊ."

"कोण देणार?"

"तू. मी बरोबर असेन. तू फक्त सही कर."

तिनं गुंडाळलेला हात मांडीवरून उचलून माझ्यासमोर धरला.

"कशानं करू?"

तक्रार झाली नाही. अंगठा चालला असता, हे मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. तिनं पुन्हा तो विषय काढू दिला नाही. जयकुमार न्यायला आला नाही. त्यानं एक व्यवस्थित पत्र लिहिलं, तारखांसह. वृत्तसंपादकांना मी सांगितलं की, त्या माणसाला काढा. ते म्हणाले, "उपाध्ये, घरचा मामला ऑफिसात आणू नका. त्याच्या बातमीत चूक दाखवा, उद्या काढतो." मी चूक शोधली. सहा वर्षं शोधली. रोज पावणेतीनला खाकी पाकीट फाडून मी त्याच्या बातम्या वाचल्या, मथळे दिले, छापल्या. महिला मेळाव्याची बातमीसुद्धा छापली. 'सुमारे दीडशे महिला उपस्थित होत्या.' तेवढ्याच असणार. चूक सापडली नाही.

इंदू माझ्याकडे राहिली. डाव्या हातानं सगळं करायला शिकली, लिहायचं सोडून. दुकानाची यादी माझी मुलगी लिहायची. आम्ही दोघं त्या गुरुवारबद्दल कधी बोललो नाही. मला वाटायचं, ती विसरली असेल, किंवा तिनं मला माफ केलं असेल. विचारलं मात्र नाही. त्या एका बाबतीत मला दुसरी बाजू नको होती.

लेलेबाई गेल्या त्या वर्षी, म्हणजे एकोणीसशे पंचाण्णवच्या जानेवारीत, एका रविवारी सकाळी ती ओसरीत मटार सोलत बसली होती. डाव्या अंगठ्यानं शेंग दाबायची, उजव्या तळव्यानं धरायची. मी पेपर वाचत होतो. मान वर न करता तिनं विचारलं,

"अण्णा, तुला मिळालेलं ते कितवं होतं?"

"काय कितवं?"

"पाकीट."

मी पेपर खाली ठेवला.

"दर रविवारी मी आठवड्याची सात करायची," ती म्हणाली. "खळ लावायच्या आधी एकात लिहायची. तेवढंच जमायचं, ते अंघोळीला गेले की. मग सातांत मिसळून ठेवायची. कोणत्या वारी जाईल ते मलाही कळायचं नाही. पाडव्याच्या पुढच्या रविवारी पहिलं केलं."

शहाऐंशीचा पाडवा दहा एप्रिलला होता. पुढचा रविवार तेरा. मी मनात रविवार मोजायला लागलो. ती सवय जात नाही. तेरा एप्रिल, वीस, सत्तावीस, चार मे. सहा मेच्या आधी चार. म्हणजे 'तेव्हापासून हे असं आहे', ही त्यानं दिलेली ओळ खोटी होती, आणि ती खोटी ठरवणारे चार कागद माझ्या टेबलाखालच्या टोपलीत पडून रद्दीत गेले होते. मीच टाकले होते. वरून फाडून.

"दवाखान्यातल्या रविवारी नाही केली," ती म्हणाली.

"मग तेरावं," मी म्हणालो. "मला मिळालं ते तेरावं."

"आणि आधीची?"

"मी पाकिटं आतून बघत नसे, इंदू. फाडून टाकत असे."

तिनं एक शेंग उघडली. दाणे पातेल्यात पडले. एक घरंगळत बाहेर गेला, तो तिनं उचलून आत टाकला.

"असं होय," ती म्हणाली. "मला वाटायचं, तुला सगळी मिळतायत. तू खात्री करून घेतोयस."